नारिंगी सेलची मागणी

४ मार्च

ही दैनंदिनी हातमोज्यांच्या पुरवठादाराने भेट पाठवली. हातमोजे आले नाहीत. सोबतच्या चिठ्ठीत ‘आमचे संबंध असेच वृद्धिंगत होवोत’ असा आशीर्वाद आहे. दर जानेवारीत रोजनिशी लिहिण्याचा संकल्प मी सोडतो आणि फेब्रुवारीत सोडूनच देतो; यंदा मार्च उजाडलाय, म्हणजे धोका टळला असावा.

सामुद्रधुनी बंद आहे. जहाजं अख्ख्या खंडाला प्रदक्षिणा घालून येतात, आणि आली तरी आमच्या वाट्याला पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जागा. आमची कंपनी वैद्यकीय सामान आणते: हातमोजे, पट्ट्या, रक्तदाब मोजायची यंत्रं, श्रवणयंत्राचे सेल. आणते म्हणजे आणायची. कुठला माल किती मागवायचा हे ठरवणारा नियोजन अधिकारी मी. आजवर हे काम सोपं होतं. मागल्या वर्षीचा आकडा घ्यायचा, त्यात चवीपुरती भर घालायची, खाली सही. संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्या माणसाकडे मागणीचं भाकीत कसं आलं, हे मुलाखतीत मला कुणी विचारलं नव्हतं. आता सगळे विचारतात.

म्हणून साहेबांनी भाकीत करणारी एक संगणकप्रणाली विकत घेतली आहे, आणि ती चालवायला एक मुलगी. तिच्या पदवीचं नाव मला एका श्वासात घेता येत नाही, म्हणून मी तिला मनातल्या मनात विदुषी म्हणतो. प्रणालीचं नाव ठेवलं त्रिकालज्ञ. तिला भूतकाळ पाठ आहे, वर्तमान उशिरा कळतो आणि भविष्य ती छातीठोकपणे सांगते. आमच्या गुरुजींचंही असंच होतं.

जेवताना हे सगळं घरी सांगितलं. बायको शाळेत गणित शिकवते, तिने भाजी वाढून घेतली. सासरेबुवांनी मात्र घास थांबवून ऐकलं. ते कोर्टात लघुलेखक होते. वादी, प्रतिवादी, साक्षीदार, सगळ्यांचं बोलणं जन्मभर उतरवून घेतलं, आणि निवृत्त होता होता दोन्ही कानांनी राजीनामा दिला. “इतकी वर्षं दोन्ही बाजूंचं ऐकलं, कान थकणारच,” असं म्हणतात. आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत.

“म्हणजे जावईबापू, आता सगळं जपून वापरायला हवं?” त्यांनी विचारलं.

“सगळ्यांनीच,” मी म्हणालो. “प्रत्येकाने थोडं पुरवून वापरलं, तर कुणालाच कमी पडणार नाही.”

वाक्य जमून गेलं. बायकोसुद्धा क्षणभर थांबली, पण ते मीठ शोधत होती म्हणून.

९ मार्च

कालचं ते वाक्य (कालचं कसलं, पाच दिवसांपूर्वीचं, पण मला ते रोज नवं वाटतं) साहेबांना ऐकवलं. ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, हे छापा.” औषधांच्या सगळ्या दुकानांत लावायची सूचना आता माझ्या मसुद्यावरून छापली जाते आहे. वर कंपनीचं चिन्ह, खाली माझं वाक्य, ठळक अक्षरांत. आयुष्यातलं माझं पहिलं प्रकाशित साहित्य.

दुसरं म्हणजे, कर्मचाऱ्यांनी माल घरी न्यायचा नाही असा आदेश निघाला. तो निघण्याआधीच मी घरी जाहीर केलं होतं, की आपल्या घरात साधी चिकटपट्टीही कंपनीतून येणार नाही.

“मी मागितली होती का चिकटपट्टी?” बायको.

“तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“बरोबर आहे त्यांचं,” सासरेबुवा म्हणाले. “न्यायाधीशाने पक्षकाराच्या घरचा चहा पिऊ नये. पिणारे मी पाहिलेत.”

घरात एक तरी माणूस कदर करतो.

१७ मार्च

त्रिकालज्ञाचं काम आता मला समजलं, म्हणजे दुसऱ्याला समजावता येईल इतकं. शहरभरच्या दुकानांतून दिवसाची विक्री संध्याकाळी आमच्याकडे येते. जहाजं कुठे अडकली आहेत तेही त्याला कळतं. या सगळ्याचं मंथन करून तो सांगतो की पुढल्या दोन महिन्यांत काय किती खपेल. जहाजावरची जागा त्या प्रमाणात वाटायची. कुणाचा वशिला नाही, कुणाची आरडाओरड नाही.

हे बायकोला सांगितलं तर पेपर तपासता तपासता म्हणाली, “विकलं गेलं तेवढंच हवं होतं, हे कशावरून?”

मी तिला न्यायशास्त्र सांगितलं. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं आपण अनुमान करतो. विक्री हा धूर, गरज हा अग्नी.

“आणि धूर दिसला नाही तर?”

“तर अग्नी नाही.”

“अहो, निखाऱ्यांना धूर नसतो,” ती म्हणाली, आणि कुठल्याशा बिचाऱ्याच्या पेपरावर लाल काट मारली. मला वाटतं ती काट माझीच होती. पण गणितवाल्यांना दृष्टांत कळत नाहीत. त्यांना लगेच त्यातली गळती दिसते.

२३ मार्च

सासरेबुवांचं काहीतरी बिनसलंय. बायको म्हणते, मी पेपर आधी उचलतो म्हणून. मी म्हणतो, तू त्यांना पायमोज्यांवरून बोललीस म्हणून. जेवताना मी बंदरातली परिस्थिती सांगत होतो. त्यांनी मान डोलावली, पण प्रत्येक वेळी क्षणभर उशिरा. विचार करून डोलावत असावेत.

आणखी एक गंमत. सेलवर नारिंगी कागदाची टिकली असते; ती काढली की सेल चालू होतो. पूर्वी या टिकल्या केराच्या टोपलीत जायच्या. हल्ली सासरेबुवांच्या खिडकीच्या चौकटीवर ओळीने चिकटवलेल्या दिसतात. सरकारी नोकरीत कपटाही न टाकण्याची सवय लागते ती अशी.

२९ मार्च

विदुषी सकाळीच माझ्या टेबलाशी आली. “सर, हे बघा ना जरा.” पडद्यावर एक रेघ उताराला लागली होती. श्रवणयंत्राच्या सेलची. हातमोजे वर, पट्ट्या वर, रक्तदाबाची यंत्रं तर आकाशाला भिडलेली (लोक घाबरलेत, आणि किती घाबरलोय ते मोजायचंय त्यांना). सेल तेवढे खाली.

“साठा करून ठेवला असेल लोकांनी,” मी म्हणालो.

“साठा केला असता तर आधी विक्री चढली असती, सर. चढलेलीच नाही. नुसती घसरतेय.”

“मग सावरले असतील लोक.”

“बहिरे लोक सावरले म्हणजे काय, सर?”

तरुण मुलींना असं सरळ विचारायची सवय असते. मी तिला सांगितलं, की समाजमनाला एक स्वाभाविक समतोल असतो, क्षोभानंतर प्रशम येतो, वगैरे. बोलता बोलता माझाच विश्वास बसला. साहेबांना टिपण पाठवलं: ‘श्रवणयंत्राच्या सेलची मागणी आता स्थिरावली असून उतरणीला लागली आहे.’ स्थिरावलेली वस्तू उतरणीला कशी लागते, हे साहेबांनी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. वाक्याचा ठेका चांगला होता.

२ एप्रिल

बैठक. त्रिकालज्ञाचे आलेख भिंतीवर, मी उभा, हातात काठी. साहेब खूश. सुटणाऱ्या जहाजावरची सेलची सगळी जागा रक्तदाबाच्या यंत्रांना द्यायची असं ठरलं. दुकानांत आहेत तेवढे सेल या मागणीला पुरून उरतील, असं त्रिकालज्ञ म्हणतो.

“थोडी जागा ठेवू या का सेलसाठी?” विदुषीने विचारलं. “मला ती रेघ नीट कळलेली नाही.”

“कळली नाही म्हणून जागा?” साहेब म्हणाले. “शास्त्रीबुवा, तुमचं काय?”

मी म्हणालो, “पुरावा तर उलट बाजूने आहे.”

सही केली. विदुषीने वही मिटली. बाहेर आल्यावर तिला चहा विचारला, तर म्हणाली, आत्ताच झाला. झाला नव्हता.

६ एप्रिल

बायको चिडली आहे. दुपारी तिने शाळेतून घरी फोन केले, सासरेबुवांनी एकही उचलला नाही. “झोपले असतील,” मी म्हणालो. “झोपले नव्हते, मी विचारलं. म्हणाले, वाजलाच नाही.”

फोन तपासला. चांगला खणखणीत वाजतो.

संध्याकाळी कोपऱ्यावर सासरेबुवा रस्ता ओलांडताना दिसले. एक गाडी त्यांच्यापाशी करकचून थांबली, चालकाने खिडकीतून मान बाहेर काढून काहीबाही आरडाओरडा केला. सासरेबुवांनी हसून हात हलवला आणि सावकाश पुढे गेले. ओळखीचा असावा. निवृत्तीनंतर किती माणसं जोडलीत त्यांनी!

११ एप्रिल

एक निरीक्षण नोंदवून ठेवतो. सासरेबुवा दिवसभर मुके असतात. पुस्तकात डोकं. काही विचारलं तर भलतंच उत्तर. पण बायको शाळेतून आली, हातपाय धुऊन त्यांच्या खोलीत बसली, की तासभर अगदी पूर्वीसारखे. कोर्टातले किस्से, वकिलांच्या नकला, दोघांचं हसणं भिंतीतून ऐकू येतं. जेवणाला बसेपर्यंत दिवा विझलेला. मी जहाजांबद्दल बोलतो आणि ते माझ्या ओठांकडे टक लावून बघत असतात. इतकं तन्मय होऊन माझं कुणी ऐकलेलं नाही.

“वय झालं,” मी बायकोला म्हणालो. “म्हातारपणी काही माणसं संध्याकाळपुरती उजळतात.”

“फक्त माझ्यापुरती?”

“मुलगी आहेस.”

तिचं समाधान झालं नाही. बुधवारी कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचं म्हणते. शाळेला सुट्टी लागतेच आहे.

१७ एप्रिल

काल लिहिलं नाही.

काल शाळेला सुट्टी होती, बायको घरी. दुपारी न्हाणीघरात पाय घसरला. उजवं मनगट अंगाखाली आलं, कमरेला मार. उठता येईना. दार आतून लोटलेलं. तिने वडलांना हाका मारल्या. मग बादलीवर तांब्या आपटला. ते बाहेरच्या खोलीत होते. मध्ये एक भिंत.

मी ऑफिसातून आलो तेव्हा जिन्यातच तिचा आवाज ऐकू आला. बसलेला, घोगरा, तिचा वाटेना. दार उघडून आत धावलो. सासरेबुवा खिडकीशी पुस्तक घेऊन बसले होते. मला पळताना बघून त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “आलात? आज लवकर?”

तिने पहिलं वाक्य काय उच्चारलं असेल? “बाबा ठीक आहेत ना? मला वाटलं, त्यांनाच काही झालं.” फरशीवर पडल्या पडल्या इतका वेळ तिला वाटत होतं की बाहेर वडील गेले.

मनगट दोन जागी मोडलंय. प्लास्टर. आज घरी आणलं. कंबर शाबूत, पण महिनाभर आधाराशिवाय चालायचं नाही.

दुपारी ती झोपल्यावर मी सासरेबुवांच्या खोलीत गेलो. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी खांद्याला हात लावल्यावर दचकले. मग त्यांनी कानातलं यंत्र काढून तळहातावर ठेवलं. सेलचं झाकण उघडं होतं. म्हणजे यंत्र कानात, आणि बंद.

झाकण लावलं. कानात घातलं. “बोला.”

“हे बंद होतं?”

“दिवसा बंदच ठेवतो. मला एकट्याला काय ऐकायचंय? ती आली की लावतो.”

“कधीपासून?”

“तुम्ही म्हणालात तेव्हापासून. जेवताना. पुढे दुकानातही तेच लावलेलं दिसलं, मोठ्या अक्षरांत. रात्री काढून टिकली परत चिकटवतो. बरे टिकतात.”

टिकली एकदा निघाली की सेलमध्ये हवा शिरते. मग यंत्र बंद असो की चालू, तो आतून झिजत राहतो. यंत्र बंद ठेवून थोडं वाचतं, टिकली परत चिकटवून जवळजवळ काहीच नाही. हे मला ठाऊक होतं. आमच्या माहितीपत्रकात आहे, त्याचंही भाषांतर मीच केलंय.

“मला का नाही सांगितलं, बाबा?”

कोर्टात लोक थांबायचे तेव्हा ते पेन्सिल उचलून धरत असावेत, तसा हात वर राहिला होता.

“सांगितलं असतं, तर तुम्ही पाकीट आणलं असतंत. म्हणजे तुमचा नियम मोडला असता. किंवा नसतं आणलंत, आणि मला वाईट वाटलं असतं. त्यापेक्षा हे बरं होतं.” मग म्हणाले, “बरं होतं असं वाटलं.”

तेच पुढे म्हणाले, “मी एकटा नाही हो. बागेतल्या बाकावर आम्ही चौघं जमतो. चौघांची मशीनं बंद. पूर्वी राजकारणावरून भांडायचो, आता नुसते बसतो. एकमेकांना हात दाखवतो आणि घरी येतो.”

तेवढ्यात आतून तिने हाक मारली. ते माझ्याआधी उठले.

१८ एप्रिल

विदुषीला सगळं सांगितलं. ती पडद्यावरच्या त्या रेघेकडे बघत राहिली.

“म्हणजे सर, रेघ लोकांची नाहीच. आपल्या सूचनेची आहे.”

“हो.”

“आपण सांगितलं कमी वापरा. त्यांनी कमी वापरलं. आपण म्हणालो, यांना कमी लागतं.”

धूर नाही म्हणून अग्नी नाही, असं अनुमान पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करत नाही. मी केलं, टिपणात लिहिलं, आणि स्वयंपाकघरात बसून एका गणिताच्या बाईंनी लाल शाईने ते दाखवलं तेव्हा त्यांना दृष्टांत कळत नाहीत असा शेरा मारला.

साहेबांकडे गेलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

“मग खरी मागणी किती?”

“ठाऊक नाही, साहेब.”

“शास्त्रीबुवा, ‘ठाऊक नाही’ हे खोक्यात भरता येत नाही. हे जहाज तर भरलं. यंत्रं चढली. पुढच्या जहाजाची जागा आठवड्याभरात ठरेल. तोवर आकडा आणा. घरची गोष्ट नको, आकडा.”

बायकोच्या मनगटाला ते घरची गोष्ट म्हणाले याचा राग आला. मग आठवलं, की मीही दीड महिना तेच करत होतो.

दुपारी दुकानदारांकडून ग्राहकांचे नंबर मिळवले आणि आम्ही दोघं फोन करायला बसलो. बहुतेक कुणीच उचलेना. एकामागून एक, नुसती रिंग. विदुषी म्हणाली, लोक इतके कसे बाहेर गेले? यादी अर्धी संपल्यावर आम्ही दोघांनी एकाच वेळी फोन खाली ठेवले. ज्यांची यंत्रं बंद आहेत, त्यांना आम्ही फोनवर विचारत होतो की तुमची यंत्रं बंद आहेत का. उचलले ते सगळे चालू यंत्रवाले. त्यांनी आनंदाने सांगितलं, काही अडचण नाही.

या पद्धतीने दुसरा आलेख काढला असता, तर तो पहिल्यापेक्षाही सुंदर आला असता.

२१ एप्रिल

रविवार. बायकोजवळ तिची मैत्रीण बसली, आणि मी आणि विदुषी पत्ते घेऊन घरोघर फिरलो. घंटा वाजवून उपयोग नाही हे पहिल्या दोन दारांत कळलं. मग शेजाऱ्यांना उठवायचं, खिडकीतून हात हलवायचा, एका ठिकाणी तर विदुषीने अंगणातला दिवा चालू-बंद केला. चोर समजून कुत्रं सोडलं नाही एवढंच.

एक जोडपं भेटलं. दोघंही यंत्रवाले. दारात आजोबा, मागे आजी.

“तिच्याशी बोला,” आजोबा म्हणाले. “आज तिची पाळी आहे.”

“पाळी?”

“ऐकायची,” आजी म्हणाल्या. “एक दिवस यांचा, एक दिवस माझा. जे काय ऐकलं ते रात्री दुसऱ्याला लिहून दाखवायचं. यांचं अक्षर असं आहे, की त्यांच्या दिवशी जगात काही घडतच नाही.”

विदुषी हसली आणि मग एकदम थांबली.

मी विचारलं, सेल मिळत नाहीत का दुकानात? “मिळतात की,” आजी म्हणाल्या. “पण तिथे लिहिलंय ना, सगळ्यांनी पुरवून वापरलं तर कुणालाच कमी पडणार नाही. किती बरोबर लिहिलंय! आम्ही आमच्यापुरतं करतो.”

विदुषीने माझ्याकडे बघितलं नाही. तिने आजींना विचारलं की पूर्वी महिन्याला किती लागायचे, आणि आकडा लिहून घेतला. चांगली मुलगी आहे. बाहेर आल्यावर मी म्हणालो, “त्या वाक्याचा कर्ता मी.” ती म्हणाली, “माहीत आहे, सर. मसुदा मीच टाइप केला होता. मला आवडला होता.”

संध्याकाळपर्यंत जेवढी घरं झाली, त्यातली बहुतेक अशीच. कुणाची गरज कमी झालेली नव्हती.

२५ एप्रिल

साहेबांनी आकडा मानला. पुढच्या जहाजावर सेलची जागा पूर्ववत, शिवाय थोडी जास्त. सूचना सगळ्या दुकानांतून काढायला सांगितल्या. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते म्हणाले, “सही माझीही होती.” ओरडले असते तर बरं झालं असतं.

पण ते जहाज यायला उन्हाळा संपेल. आणि दुसरी गोष्ट आज कळली, ती विदुषीने सांगितली. ती सांगताना दारातच उभी राहिली, आत आली नाही. गोदामात जो थोडा साठा होता, तो त्रिकालज्ञाने नेहमीच्या नियमाने परवाच दुकानांना वाटून टाकला. नियम असा, की ज्या दुकानात हल्ली जास्त खप, त्याला जास्त. म्हणजे जिथल्या लोकांनी सूचना वाचून सोडून दिली, तिथे खोकी गेली. जिथल्या लोकांनी मनापासून पाळली, तिथे चिमूटभर किंवा काहीच नाही. आम्ही दारोदार फिरत होतो, आणि वाटपाच्या नियमाला हात लावायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

“परत मागवता येईल?”

“विचारलं सगळ्यांना. दोघांनी थोडे दिले. बाकीचे म्हणतात, विकले.”

यादीत आमच्या कोपऱ्यावरचं दुकान शोधलं. शून्य. सासरेबुवा आणि बाकावरचे तिघं तिथूनच घेतात. शहरातले सर्वांत आज्ञाधारक ग्राहक.

परत आलेले थोडे सेल टेबलावर होते. ते कुणाला द्यायचे हे ठरवणं माझं काम. पाकीट केवढंसं असतं. शर्टाच्या खिशात मावतं. मी ते एका शाळेच्या पत्त्यावर पाठवले. बहिऱ्या मुलांची शाळा आहे, तिथे आज चौकशी केली तर शिक्षिका म्हणाल्या, आम्ही निम्मा वर्ग सकाळी ऐकवतो, निम्मा दुपारी. पाकिटावर पत्ता मी स्वतः लिहिला. हे केल्यावर उदात्त वाटायला हवं होतं. घरी जायची भीती वाटली.

२६ एप्रिल

बायको डाव्या हाताने पेपर तपासायला शिकते आहे. काट वाकडी येते, मुलं म्हणणार बाईंना दया आली. पडल्यापासून ती वडलांना एका शब्दाने बोललेली नाही, मलाही नाही. बोलली असती तर मी काय उत्तर द्यायचं, हे ठरवून ठेवलं होतं. ते तसंच पडून आहे.

सासरेबुवा आता ती एकटी असते तोवर दिवसभर यंत्र चालू ठेवतात. खुर्ची तिच्या दाराशी ओढून बसतात. तिने कूस बदलली तरी उठून बघतात. मी घरी आलो की झाकण उघडतात, कारण आता हाक ऐकायला मी आहे. हे आमच्यात कुणी बोलून ठरवलेलं नाही. त्यांच्याजवळ कानातले सोडून सेल उरलेले नाहीत, हे मी त्यांच्या खणात बघितलं. विचारून नाही.

आज ऑफिसातून आलो, तर ते खुर्चीत, ती आत झोपलेली. मी समोर उभा राहिलो. तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला.

“महत्त्वाचं आहे?”

मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी यंत्र काढलं, झाकण लावलं, कानात बसवलं, आणि ते जागं होईपर्यंत डोळे मिटून थांबले.

“बोला. चालू आहे.”

मी बोललो. जहाजाचं सांगितलं, सही माझी होती ते सांगितलं. कोपऱ्यावरच्या दुकानात सेल येणार नाहीत, आणि ते का येणार नाहीत, तेही सांगितलं. काल माझ्या हातात पाकिटं होती आणि मी ती दुसरीकडे पाठवली, हे शेवटी. एरवी एका वाक्यात दोन उपवाक्यं घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. आज शब्द मोजून वापरत होतो, आणि तरी फार वेळ लागतोय असं वाटत होतं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. साक्ष उतरवून घ्यावी तसं ऐकलं.

“झालं?”

“झालं.”

त्यांनी मान डोलावली. या वेळी उशीर झाला नाही. मग हात कानाकडे गेला.

“आता बंद करतो,” ते म्हणाले. “राग नाही, जावईबापू. उद्या सकाळी ती एकटी आहे.”